गटवार सरासरी आणि तिचे आलेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वहीतले आकडे आता आपल्या खेड्यांतही संगणकात चढू लागले आहेत. कुणी शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापसाच्या उताऱ्याची, म्हणजे एकरी उत्पादनाची, नोंद ठेवतं, कुणी महसूल मंडळवार पाऊस भरतं, कुणी कृषी पदवीच्या प्रबंधासाठी वाणांची तुलना करतं. हे सगळे शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: गावानुसार, वाणानुसार किंवा महिन्यानुसार सारांश काढून त्याचं चित्र कसं करायचं? तिथं नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

या सगळ्या उत्तरांमागे माझं एक ठाम म्हणणं आहे. सरासरी एकटी दाखवू नये. ती किती वावरांची आहे आणि ती वावरं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हे त्याच चित्रात दिसायला हवं. अशा चित्रांवरून लोक पुढच्या हंगामाचं बियाणं निवडतात.

लिखाणाबद्दल एक सूचना. संगणकात आज्ञा रोमन लिपीतच टाइप करायच्या असतात, इथे त्यांचे फक्त उच्चार दिले आहेत. उदाहरणांतले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या गावाचे नाहीत.

गटवार सारांश म्हणजे नेमकं काय?

आधी नोंदी गटांत वाटायच्या, मग प्रत्येक गटाचा एक हिशोब करायचा, आणि ते हिशोब एका छोट्या तक्त्यात आणायचे. आर या भाषेत डीप्लायर पॅकेजच्या ‘ग्रुप बाय’ आणि ‘समराइज’ या आज्ञा हे काम करतात. पायथनमध्ये पांडाजचं ‘ग्रुपबाय’ आणि ‘अ‍ॅग’ वापरतात. एक्सेल आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये त्यासाठी पिव्होट टेबल आहे. तिन्हीकडे विचार तोच असतो, फक्त बटणं वेगळी.

नोंदीचा मूळ तक्ता कसा ठेवू?

एका ओळीत एकच वावर. तालुका, गाव, वाण, ओलीत की कोरडवाहू, क्षेत्र, उत्पादन असे स्वतंत्र रकाने. गावागणिक वेगळा रकाना करून त्याखाली आकडे मांडले, तर कागदावर ते सुटसुटीत दिसतं, पण गट पाडताना अडतं. तसा तक्ता आधीच तयार झाला असेल, तर आरमध्ये ‘पिव्होट लाँगर’ आणि पांडाजमध्ये ‘मेल्ट’ वापरून तो उभा करून घ्या.

खाने एकत्र जोडू नका, म्हणजे मर्ज करू नका. तालुक्याचं नाव दहा ओळींवर एकदाच मोठ्ठं लिहिलं, की ते नाव फक्त पहिल्या ओळीत राहतं आणि बाकीच्या नऊ ओळी संगणकाला रिकाम्या दिसतात. पांडाजचं ‘ग्रुपबाय’ अशा बिननावाच्या ओळी न सांगता गाळून टाकतं. त्या ठेवायच्या असतील तर ‘ड्रॉप-एनए’ फॉल्स असं लिहावं लागतं. आर मात्र त्यांचा ‘एनए’ (म्हणजे ‘नोंद नाही’) नावाचा वेगळा गट करतं. या एका बाबतीत आरची रीत मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण चूक लगेच नजरेला पडते.

दोन गावांची सरासरी सारखीच आली. म्हणजे दोन्हीकडे पीक सारखंच झालं ना?

नाही. समजा पहिल्या गावातल्या पाच वावरांत कापूस एकरी ६, ७, ७, ८ आणि ७ क्विंटल झाला. दुसऱ्या गावात तो २, ३, ४, १२ आणि १४ क्विंटल झाला. दोन्हीकडची बेरीज ३५ आणि सरासरी ७. दोन खांबांचा आलेख काढला तर दोन्ही खांब एकाच उंचीचे येतात आणि पाहणारा म्हणतो, दोन्ही गावं सारखीच.

पण दुसऱ्या गावात सात क्विंटल झालेलं एकही वावर नाही. तिथे दोन जणांकडे विहिरीचं ओलीत आहे आणि तिघांचं कोरडवाहू. ओलिताची सरासरी १३ आणि कोरडवाहूची ३. ‘गावाची सरासरी ७’ हे वाक्य त्या गावातल्या कोणत्याच घराला लागू पडत नाही. पीककर्ज, विमा किंवा बियाण्याची चर्चा त्या सातावर सुरू झाली, तर तीन क्विंटलवाल्याचं दुखणं कुणाला दिसणारच नाही.

म्हणून सरासरीसोबत मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा. पहिल्या गावाचा मध्यक ७, दुसऱ्याचा ४. मध्यक आणि सरासरी इतके दूर गेले, की गटाच्या आत आणखी काहीतरी दडलंय असं समजा. आणि शक्य असेल तेव्हा प्रत्येक वावराचा ठिपका काढाच. आरच्या जीजीप्लॉट या आलेख पॅकेजमध्ये ‘जिओम जिटर’ आणि पायथनच्या सीबॉर्नमध्ये ‘स्ट्रिपप्लॉट’ हे काम करतं. जिटर ठिपके एकमेकांवर पडू नयेत म्हणून ते थोडे इकडेतिकडे सरकवतं. ते वापरताना ठिपके फक्त आडवे हलवा, उभी हालचाल शून्य ठेवा, नाहीतर उतारा आहे त्यापेक्षा वर-खाली दिसेल. गटात वीसपेक्षा कमी वावरं असतील तर मी खांब काढतच नाही. ठिपके आणि मध्यकाची एक आडवी रेघ एवढंच ठेवतो.

खांबाच्या टोकावरची ती उभी रेघ कशाची असते?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ती रेघ तीन वेगवेगळ्या गोष्टींची असू शकते आणि तिन्हींची लांबी वेगळी असते.

पहिली, प्रमाण विचलन. वावरं सरासरीपासून साधारण किती लांब पसरली आहेत, हे ती सांगते. वरच्या उदाहरणात पहिल्या गावाचं प्रमाण विचलन ०.७१ आणि दुसऱ्याचं ५.५७.

दुसरी, प्रमाण त्रुटी. प्रमाण विचलनाला वावरांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागलं की ती मिळते. आपण काढलेली सरासरी किती भरवशाची आहे, याचा तो अंदाज असतो. पहिल्या गावासाठी ०.३२, दुसऱ्यासाठी २.४९. वावरं वाढवत गेलात तर ही रेघ आखूड होत जाते. प्रमाण विचलन तसं आखूड होत नाही, कारण शेतांमधला फरक आपण जास्त शेतं मोजली म्हणून कमी होत नाही.

तिसरी, ९५ टक्के विश्वास मर्यादा. खरी सरासरी बहुधा कुठून कुठपर्यंत असेल, तो हा पल्ला. तो काढायला प्रमाण त्रुटीला सांख्यिकीच्या पुस्तकातल्या टी-तक्त्यातल्या आकड्यानं गुणायचं आणि येईल ते सरासरीच्या दोन्ही बाजूंना धरायचं. पाच वावरं असतील तर तो आकडा २.७८, दहा असतील तर २.२६ आणि तीस असतील तर २.०५. पहिल्या गावाची मर्यादा ६.१ ते ७.९ येते. दुसऱ्याची जवळजवळ शून्यापासून १३.९ पर्यंत जाते, म्हणजे पाच वावरांवरून त्या गावाच्या सरासरीबद्दल जवळपास काहीच ठामपणे सांगता येत नाही.

कोणती घ्यायची? गावात शेती किती असमान आहे हे सांगायचं असेल तर प्रमाण विचलन. दोन वाणांच्या सरासरीची तुलना करायची असेल तर विश्वास मर्यादा. प्रमाण त्रुटीची रेघ सर्वांत आखूड असते, त्यामुळे चित्र फार नेटकं दिसतं. तेवढ्याच कारणानं ती निवडणं मला पटत नाही. काहीही निवडा, पण रेघ कशाची आहे आणि प्रत्येक गटात किती वावरं आहेत, हे आलेखाखाली लिहा. ते लिहिलेलं नसेल तर पाहणाऱ्याला त्या रेघेचा काही उपयोग नाही.

मी काहीच सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर कोणती रेघ काढतं?

जीजीप्लॉटमधलं ‘स्टॅट समरी’ सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण त्रुटी घेतं. सीबॉर्नचा ‘बारप्लॉट’ ९५ टक्के विश्वास मर्यादा काढतो आणि तीही बूटस्ट्रॅप पद्धतीनं. म्हणजे तुमच्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून, मूळ ठेवणीत (आपण काही न बदलता) हजार वेळा. त्यामुळे तोच आलेख दुसऱ्यांदा काढला की रेघ किंचित बदलते. ती स्थिर हवी असेल तर ‘सीड’ द्या, म्हणजे एक ठरावीक आकडा, ज्यानं चिठ्ठ्या दर वेळी त्याच निघतात. पाच-सहा वावरांच्या गटावर बूटस्ट्रॅपची मर्यादा खऱ्यापेक्षा अरुंद येते, तिथे टी-तक्त्याची मर्यादा बरी. जीजीप्लॉटमध्ये त्यासाठी ‘मीन सीएल नॉर्मल’ आहे, मात्र त्याला ‘एचमिस्क’ पॅकेज बसवावं लागतं.

एकाच नोंदींवरून एकानं आरमध्ये आणि दुसऱ्यानं सीबॉर्नमध्ये आलेख काढला, तर रेघा जुळणार नाहीत. दोघांपैकी कुणाचंच चुकलेलं नसतं. सीबॉर्नच्या ०.१२ या आवृत्तीपासून ही निवड ‘एररबार’ या पर्यायात करतात. जुन्या धड्यांत दिसणारा ‘सीआय’ हा पर्याय त्याआधीचा.

एक्सेलमध्ये ‘स्टँडर्ड एरर’ हे तयार बटण आहे. तेच दाबू का?

दाबू नका. ते बटण चित्रात दिसणाऱ्या खांबांच्या उंचीवरून हिशोब करतं. मागे राहिलेली तुमची वावरं त्याला माहीतच नसतात, म्हणून सगळ्या खांबांवर एकाच लांबीच्या रेघा येतात. सगळ्या रेघा सारख्या दिसल्या की तिथेच थांबा आणि तपासा.

योग्य रीत अशी: गटवार सरासरी, प्रमाण विचलन आणि संख्या एका कोऱ्या जागी काढून घ्या. त्यावरून प्रमाण त्रुटी किंवा मर्यादेची लांबी वेगळ्या रकान्यात मांडा. मग एरर बारच्या पर्यायांत ‘कस्टम’ निवडून ‘स्पेसिफाय व्हॅल्यू’मध्ये तो रकाना द्या. वरचा आणि खालचा असे दोन खाने असतात, दोन्ही भरा. एक रिकामा सोडला तर तिथे आधीपासून असलेला १ तसाच राहतो.

प्रबंधात एसईएम (सरासरीची प्रमाण त्रुटी) आणि सीडी (क्रिटिकल डिफरन्स) दिलेली असते. तीच रेघ लावली तर चालेल?

चालेल, पण तसं लिहून. रॅन्डमाइज्ड ब्लॉक डिझाइनमध्ये शेताचे खंड पाडून प्रत्येक खंडात सगळे उपचार (म्हणजे तुलना करायची वाणं, खतं वगैरे) लावतात. तिथे एसईएम ही सगळ्या प्रयोगाच्या त्रुटी वर्गमध्यावरून (विश्लेषणाच्या तक्त्यातल्या ‘एरर मीन स्क्वेअर’वरून) काढतात: त्याला पुनरावृत्तींच्या संख्येनं भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. त्यामुळे ती सर्व उपचारांना एकच असते आणि इथे सारख्या लांबीच्या रेघा बरोबर असतात. प्रत्येक उपचाराच्या तीन-चार पुनरावृत्तींवरून वेगळी प्रमाण त्रुटी काढली तर ती दुसरीच गोष्ट होते, आणि तिच्यात खंडांमधला फरकही मिसळलेला असतो.

सीडी म्हणजे एसईएम गुणिले दोनचं वर्गमूळ गुणिले टीचा आकडा. ती दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची मोजपट्टी आहे. प्रत्येक खांबावर वर-खाली सीडी लावणं चुकीचं. आलेखाच्या कोपऱ्यात सीडीच्या लांबीची एकच रेघ काढून शेजारी नाव लिहा. वाचणाऱ्याला ती कोणत्याही दोन खांबांमधल्या फरकाशी ताडून पाहता येते.

दोन रेघा एकमेकींवर आल्या म्हणजे फरक नाही असं समजू का?

नको. ९५ टक्के मर्यादांच्या रेघा थोड्या एकमेकींवर आल्या तरी फरक खरा असू शकतो. त्या अजिबात भिडत नसतील तर फरक आहे असं बऱ्यापैकी भरवशानं म्हणता येतं. उलट प्रमाण त्रुटीच्या रेघा एकमेकींना शिवत नसल्या, तरी तेवढ्यावरून काही ठरत नाही. निकाल हवा असेल तर सांख्यिकीतली चाचणी करा. चित्र चाचणीची जागा घेत नाही.

एकरी सात क्विंटलच्या जागी खांब पस्तीसपर्यंत गेला. असं कसं?

तुम्ही सारांश न काढता मूळ नोंदी जीजीप्लॉटच्या ‘जिओम कॉल’ला दिल्या. ते प्रत्येक ओळीचा तुकडा आधीच्या तुकड्यावर चढवत जातं, म्हणून पाच वावरांची बेरीज दिसली. आधी ‘समराइज’ करा, किंवा ‘स्टॅट समरी’ला सरासरी काढायला सांगा. ‘जिओम बार’ आणखी वेगळं वागतं: ते मूळ ठेवणीत फक्त ओळी मोजतं.

अक्षाची मर्यादा बदलली आणि सरासरीच बदलली!

जीजीप्लॉटमध्ये ‘वायलिम’ लावलं की मर्यादेबाहेरच्या नोंदी आधी टाकून दिल्या जातात आणि सरासरी त्यानंतर निघते. मघाच्या दुसऱ्या गावाला ० ते १० अशी मर्यादा लावा: १२ आणि १४ गळतात आणि सरासरी ७ वरून ३ वर येते. काही ओळी काढल्याची सूचना पडद्यावर येते, पण ती कुणी वाचत नाही. नुसतं जवळून पाहायचं असेल तर ‘कोऑर्ड कार्टेशियन’मध्ये मर्यादा द्या. त्यानं नोंदींना धक्का लागत नाही.

खांबांचा अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू करा. खांबाची लांबीच वाचली जाते, ती मधूनच कापली तर लहान फरक डोंगराएवढा होतो. ठिपक्यांना ही सक्ती नाही.

मैत्रिणीचं प्रमाण विचलन ४.९८ आलं, माझं ५.५७. आकडे तेच आहेत.

प्रमाण विचलन काढताना सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला एकीनं पाचानं भागलं, दुसरीनं चारानं. आरचं ‘एसडी’, पांडाजचं ‘एसटीडी’ आणि एक्सेलचं ‘एसटीडेव्ह डॉट एस’ संख्येतून एक वजा करून भागतात. पायथनच्याच नमपायचं ‘एसटीडी’ आणि एक्सेलचं ‘एसटीडेव्ह डॉट पी’ पूर्ण संख्येनं भागतात. तुम्ही गावातली काही वावरं निवडून मोजली असतील तर एक वजा करणारं घ्या. पिव्होट टेबलमध्येही हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात आणि चुकीच्या ओळीवर क्लिक सहज होतं.

एकाच नोंदींचा बॉक्सप्लॉट आरमध्ये वेगळा आणि एक्सेलमध्ये वेगळा का दिसतो?

बॉक्सप्लॉटची पेटी पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत असते, म्हणजे मधल्या निम्म्या नोंदींची. चतुर्थक काढायच्या रीती अनेक आहेत, आरमध्येच नऊ आहेत. दुसऱ्या गावाच्या पाच वावरांवर आरची पेटी ३ ते १२ अशी येते. एक्सेल मूळ ठेवणीत मध्यक वगळून चतुर्थक काढतं, म्हणून तिथे पेटी २.५ ते १३ होते. एक्सेलमध्ये ‘इन्क्लुझिव्ह मीडियन’ निवडलं की दोन्ही जुळतात. पेटीतली आडवी रेघ मध्यकाची असते, सरासरीची नाही. एक्सेल सरासरीसाठी वेगळी फुली मारतं. पेटीबाहेरच्या दांड्या पेटीच्या उंचीच्या दीडपटीपर्यंत जातात, त्यापलीकडच्या नोंदी सुटे ठिपके म्हणून दिसतात. सुटा ठिपका दिसला म्हणून ती नोंद खोडू नका, आधी त्या शेतकऱ्याला विचारा. ठिबकवाल्याचं वावर खरोखरच १४ क्विंटल देऊ शकतं.

आणि पाच वावरांवर पेटी काढूच नये, हे माझं मत.

पावसाच्या नोंदीत ज्या दिवशी काही लिहिलं नाही तिथे शून्य भरू का?

कृपा करून भरू नका. ‘पाऊस पडला नाही’ म्हणजे शून्य. ‘मापक वाचला नाही’ म्हणजे रिकामा खाना. हा फरक एकदा पुसला गेला तर नंतर कुणालाच तो परत आणता येत नाही, आणि पावसाच्या खंडाचा हिशोब त्यावरच उभा असतो.

सॉफ्टवेअर रिकाम्या खान्याशी कसं वागतं तेही लक्षात ठेवा. आरची सरासरी एक जरी रिकामा खाना असेल तर उत्तरच ‘एनए’ देते, ‘एनए आरएम’ ट्रू केल्यावरच पुढे सरकते. पांडाज आणि एक्सेल रिकामे खाने गुपचूप सोडून देतात. सर्वांत धोक्याचं बेरजेत आहे. एखाद्या महसूल मंडळातला मापक पूर्ण जुलै बंद होता, सगळे खाने रिकामे. पांडाजची बेरीज तिथे ० देते, आणि ‘एनए आरएम’ लावलेली आरची बेरीजही ० देते. आलेखात ते मंडळ पाण्यावाचून कोरडं पडलेलं दिसतं. पांडाजमध्ये ‘मिन काउंट’ १ द्या, म्हणजे तो खाना रिकामाच राहील. मी तर सारांशात ‘किती दिवसांची नोंद आहे’ हा रकाना नेहमी ठेवतो.

तालुक्याचा मासिक पाऊस काढताना क्रमही महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येक मंडळाची महिन्याची बेरीज, मग मंडळांची सरासरी. सगळे दिवस आणि सगळी मंडळं एकदम गटात टाकली तर उत्तर एका दिवसाचं येतं.

महिने उलटसुलट क्रमानं येतात.

संगणक नावं वर्णक्रमानं लावतो: ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर. पावसाळा असा चालत नाही. आरमध्ये ‘फॅक्टर’ करून ‘लेव्हल्स’मध्ये जूनपासून क्रम द्या. पांडाजमध्ये ‘कॅटेगॉरिकल’ वापरून ‘ऑर्डर्ड’ ट्रू करा. गावांचा क्रम मात्र वर्णानुसार ठेवण्यापेक्षा उताऱ्यानुसार लावा, चित्र लवकर वाचलं जातं.

एकाच तालुक्याचे दोन खांब का येतात?

नावं दोन तऱ्हेनं लिहिली गेली आहेत. बुलडाणा आणि बुलढाणा, चांदूर आणि चांदुर, किंवा नावाच्या शेवटी राहिलेली न दिसणारी मोकळी जागा. संगणकाला ते सगळे वेगळे गट. आधी सगळ्या नावांची एकेकदाच यादी काढून डोळ्यांनी वाचा.

याच्या उलटही होतं. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन तालुके आहेत. नुसतं ‘चांदूर’ लिहिलं तर दोन्ही एकाच खांबात जातात. वडगाव, पिंपळगाव अशी गावं तर तालुक्यातालुक्यांत सापडतात. म्हणून गट नेहमी तालुका आणि गाव मिळून पाडा, आणि जमेल तिथे गावाचा जनगणना कोड ठेवा.

आकडे इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंक पुष्कळदा मजकूर समजले जातात, आणि मग पिव्होट टेबल बेरीज करायची सोडून नुसत्या नोंदी मोजायला लागतं.

आलेखावर मराठी नावांच्या जागी चौकोन येतात.

सीबॉर्न ज्यावर चालतं त्या पायथनच्या मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फाँट दिला की चौकोन जातात, पण मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. चिखली, मोर्शी, दर्यापूर ही नावं वाचवत नाहीत. आपल्याच गावाचं नाव मोडकं छापून लोकांपुढे ठेवू नये. चित्र एसव्हीजी स्वरूपात साठवा, ‘एसव्हीजी फाँटटाइप’ नन ठेवा, आणि ते ब्राउझरमध्ये उघडा. तिथे अक्षरं नीट जुळतात. आरमध्ये ‘रॅग’ पॅकेजनं चित्र साठवलं तर देवनागरी थेट बरोबर येते. एक्सेल आणि कॅल्कमध्ये ही अडचण नसते. एक्सेलसाठी सीएसव्ही फाइल करताना मात्र ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा.

गावाची सरासरी शेतकऱ्यागणिक काढू की एकरागणिक?

प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. तीन शेतकरी घ्या: एक एकरावर एकरी ४ क्विंटल, दोन एकरांवर ५ आणि दहा एकरांवर ८. शेतकऱ्यागणिक सरासरी ५.७ येते. एकूण ९४ क्विंटलला १३ एकरांनी भागलं तर ७.२ येते. जिनिंगला किती कापूस जाईल हे हवं असेल तर दुसरी. घरांची स्थिती कशी आहे हे हवं असेल तर पहिली. पिव्होट टेबलच्या तळाशी दिसणारी एकूण सरासरी सगळ्या ओळींची असते, गटांच्या सरासऱ्यांची सरासरी नसते. तेही विसरू नका.

सातबारा हेक्टर आणि आर या मापांत असतो आणि बोलणं एकरात. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. एखाद्यानं हेक्टरी उतारा एकरीच्या रकान्यात टाकला तर ७ चे १७ होतात आणि पूर्ण गटाची सरासरी वर जाते.

एक वाण एकूण सरासरीत पुढे आहे, पण ओलीत आणि कोरडवाहू वेगळं केलं की मागे पडतं. बरोबर कोणतं?

वेगळं केलेलं. समजा वाण अ ओलिताच्या २ वावरांत १२ आणि कोरडवाहूच्या ८ वावरांत ५ क्विंटल देतं. वाण ब ओलिताच्या ८ वावरांत ११ आणि कोरडवाहूच्या २ वावरांत ४ देतं. दोन्ही प्रकारच्या जमिनीत अ सरस आहे. तरी एकूण सरासरी अ ची ६.४ आणि ब ची ९.६ येते, कारण ब बहुतेक पाणी असलेल्या वावरांत लावलं गेलं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

आपल्याकडे हे फार घडतं. महागडं बियाणं विहीरवाला घेतो, आणि मग त्याच्या उताऱ्याचं चित्र कोरडवाहू शेतकऱ्याला दाखवून तेच बियाणं विकलं जातं. खारपाणपट्टा आणि त्याबाहेरचा भाग, हलकी आणि भारी जमीन, लवकरची आणि उशिराची पेरणी, यांचाही परिणाम तसाच होतो. म्हणून वाणांची तुलना करताना जीजीप्लॉटचं ‘फेसेट’ वापरून ओलीत आणि कोरडवाहू असे दोन तुकडे शेजारी ठेवा, उभा अक्ष दोघांना एकच ठेवा. एकाच चित्रात रंगानं दाखवायचं असेल तर ‘पोझिशन डॉज’ खांबांना आणि रेघांना दोघांनाही सारख्याच रुंदीचं द्या, ०.९ चालतं. नाहीतर रेघा दोन खांबांच्या मधोमध येऊन पडतात.

बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांची आठवड्याची सरासरी दाखवू?

नको, रात्रवार दाखवा. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करायची वेळ आली असं मानायची मर्यादा, सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग अशी धरतात. आठवड्यातल्या रात्री १, २, १, ९, १०, ९, ३ अशा गेल्या तर सरासरी ५ येते आणि सगळं ठीक वाटतं. पण पातळी सलग तीन रात्री ओलांडली गेली होती. आडव्या अक्षावर रात्री घ्या, प्रत्येक गावाची एक रेघ काढा आणि ८ वर ठळक आडवी रेघ मारा. हे चित्र त्याच दिवशी गावात पोचलं तरच कामाचं.

गटात एकच वावर असेल तर?

त्याचं प्रमाण विचलन निघत नाही, सॉफ्टवेअर रिकामं उत्तर देतं आणि रेघ येत नाही. रेघ नसलेला खांब पाहणाऱ्याला अगदी पक्का वाटतो, म्हणून तिथे खांब न काढता ठिपका काढा आणि शेजारी ‘१ वावर’ लिहा.

पैसे न भरता हे सगळं कशात करता येईल?

आर, पायथन आणि लिबरऑफिस तिन्ही मोफत आहेत आणि एकदा बसवल्यावर इंटरनेटशिवाय चालतात. नुकतीच सुरुवात असेल तर कॅल्क घ्या. त्याच्या पिव्होट टेबलमध्ये मध्यकही मिळतो, जो एक्सेलच्या साध्या पिव्होटमध्ये नाही. दर हंगामाला तेच आलेख काढायचे असतील तर आर शिकाच. एकदा लिहिलेली आज्ञा पुढच्या खरिपालाही चालते, आणि चूक कुठे झाली ते ओळीनिशी सापडतं.

आलेख ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा आहे. काय बघू?

तिथला प्रिंटर बहुधा काळा-पांढरा असतो. तांबडा आणि हिरवा छापल्यावर पुष्कळदा जवळजवळ एकाच राखाडीचे होतात, म्हणून गट रंगाऐवजी ठिपक्यांच्या आकारानं वेगळे करा: गोल, त्रिकोण, चौकोन. अक्षावर ‘क्विंटल प्रति एकर’ असं पूर्ण लिहा. ज्या गटात दोन-तीनच शेतकरी आहेत, तिथे ठिपका पाहून माणूस ओळखू येतो. त्यांना आधी विचारा, आणि त्यांची तयारी नसेल तर तो गट शेजारच्या गटात मिसळून दाखवा.